आष्टीहून कोकण किनारा सायकलवर : मांडवा ते रेडी सागरी मार्गाची टप्प्याटप्प्यानं माहिती

आष्टी, ता. आष्टी (जि. वर्धा) : सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला की तालुक्यातल्या पोरांचे सफरीचे बेत सुरू होतात. अलीकडं त्यात सायकलवर कोकण करायचा बेतही ऐकू येतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहून हौस येते, पण नेमकं कुठून सुरू करायचं, किती दिवस लागतात, खाडी कशी ओलांडायची, आपल्या सपाट रस्त्यावरची सायकल तिथं चालेल का, हे एका जागी लिहिलेलं सापडत नाही. म्हणून ही माहिती देत आहोत. जायचं ठरवलं तर जपून ठेवा, आणि पोरगा-पोरगी जायचं म्हणत असेल तर आईवडिलांनीही वाचा.

थोडक्यात

- मार्ग : मांडवा (अलिबाग) ते रेडी (वेंगुर्ले), समुद्राला धरून
- जिल्हे : रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग
- अंतर : गावांतून आतबाहेर धरून सुमारे ६०० किलोमीटर
- दिवस : १० ते १२, त्यात एक-दोन दिवस विश्रांती
- हंगाम : नोव्हेंबर शेवट ते फेब्रुवारी मध्य
- फेरीबोटी : मुंबई–मांडवा धरून पाच
- अवघड काय : चढ-उतार, दमट हवा, सड्यावर सावली-पाणी नसणं

हा मार्ग आहे तरी काय

किनाऱ्यालगत रेवसपासून रेडीपर्यंत एकच सलग रस्ता असावा ही कल्पना जुनी आहे. १९८०–८२ या काळात मुख्यमंत्री असलेले बॅ. अ. र. अंतुले यांनी ती लावून धरली होती. रेवस–रेड्डी सागरी महामार्ग या नावानं तो ओळखला जातो. पण सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या दर काही किलोमीटरवर खाडी होऊन समुद्राला मिळतात, त्यामुळं रस्ता तुटत गेला. काही खाड्यांवर पूल झाले, काही ठिकाणी आजही फेरीबोटच आहे.

आपल्या भागाशी तुलना केली की हे पटकन कळतं. आष्टीच्या पश्चिमेची वर्धा नदी पूर्वेकडं जाते. तिचं पाणी वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असं फिरून शेकडो किलोमीटरनंतर बंगालच्या उपसागराला मिळतं. कोकणातली नदी मात्र सह्याद्रीच्या कड्यावर जन्मते आणि शंभर किलोमीटरच्या आतच अरबी समुद्रात जाते. उतार तीव्र, पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा वर. म्हणून जमीन खोल चिरली गेली आहे. सायकलवाल्याच्या भाषेत सांगायचं तर खाडीपाशी समुद्रसपाटी, मग चढ, वर सपाट सडा, पुन्हा उतार, पुन्हा खाडी. दिवसभर हेच चक्र चालतं.

मोठ्या गाड्यांचा मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग (क्र. ६६) वेगळा, तो आतून जातो. त्या रस्त्यावर सायकल घालू नका. अंतर कमी दिसतं, पण ट्रक आणि खासगी बसची वर्दळ मोठी आहे. किनाऱ्याचा रस्ता अरुंद असला तरी वाहनं कमी असतात.

सडा म्हणजे काय

इंग्लंड-स्कॉटलंडकडं समुद्रकाठच्या उघड्या माळांवरून सायकल सफरी करतात. आपल्याकडं त्याला सर्वांत जवळचा प्रदेश म्हणजे कोकणातला सडा. डोंगराच्या माथ्यावर पसरलेला जांभ्या दगडाचा उघडा सपाट कातळ. झाड नाही, घर नाही, टपरी नाही. पावसाळ्यात त्यावर पाणी साचतं, ऑगस्ट-सप्टेंबरात रानफुलांचे गालिचे होतात, आणि दिवाळीनंतर सगळं गवत वाळून पिवळं पडतं.

आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. जांभा दगड सच्छिद्र असतो. वर पडलेलं पाणी आत मुरतं आणि सड्याच्या पोटातून, उताराच्या तळाशी झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून वाड्या सड्यावर नसतात, त्या खाली उतारावर आणि खाडीकाठी असतात. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांना टँकर लागतो, त्याचं कारण हेच. सायकलवाल्यानं यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची : चढ चढण्याआधी, खालच्या वाडीतच सगळ्या बाटल्या भरून घ्यायच्या. वर आठ-दहा किलोमीटर काहीच मिळणार नाही असं धरून चालायचं.

सडा ओसाड दिसतो, पण तो कुणाचा तरी असतो. गुरं तिथं चरतात, कडेला हापूसच्या बागा आहेत. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, दुसरीकडून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचं, अशा रीतीनं यातल्या कितीतरी बागा उभ्या राहिल्या. आपल्या संत्रा कास्तकारानं ही मेहनत एकदा बघावी. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन २०१४ साली मिळालं, कोकणच्या हापूसला २०१८ साली. बागेत विचारल्याशिवाय शिरू नका आणि गवत वाळलेलं असताना सड्यावर चूल पेटवू नका. एका ठिणगीत वणवा लागतो आणि कुणाची तरी वीस वर्षांची कलमं जळतात.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. आदिमानवानं जमिनीवरच्या कातळात कोरलेली माणसं, प्राणी, मासे, भौमितिक आकृत्या. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं आहेत. कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी या महाराष्ट्रातल्या जागा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत २०२२ साली गेल्या. चित्रावरून चालायचं नाही, सायकल न्यायची नाही, खडूनं रेघ ओढायची नाही. चपला बाजूला काढून कडेनं बघायचं.

टप्पे

खालची अंतरं अंदाजे आहेत. मुक्काम गावात की किनाऱ्यावर, यावर पाच-सात किलोमीटर इकडं-तिकडं होतात.

दिवस १ : मांडवा – अलिबाग – मुरूड (सुमारे ७० किमी). मुंबईहून बोटीनं मांडव्याला उतरायचं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहनं नेणारी रो-रो बोट २०२० पासून आहे, तिच्यावर सायकल नेता येते. पुढं अलिबाग, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड. रस्ता बऱ्यापैकी सपाट, काशीदच्या आसपास चढ. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या फार असतात, म्हणून हा टप्पा सोमवार ते गुरुवारमध्ये बसवा.

दिवस २ : मुरूड – दिघी – श्रीवर्धन – हरिहरेश्वर (सुमारे ६५ किमी). जंजिरा बघायचा असेल तर राजपुरीहून होडी मिळते. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी. मग दिवेआगर, आरावी, शेखाडी, श्रीवर्धन. दिवेआगर ते श्रीवर्धन हा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता सगळ्या मार्गातला सर्वांत देखणा तुकडा म्हणायला हरकत नाही.

दिवस ३ : हरिहरेश्वर – वेसवी – केळशी – हर्णै (सुमारे ६५ ते ७० किमी). बागमांडल्याहून बाणकोट खाडी फेरीबोटीनं ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. खरे चढ इथून सुरू. वाट वाकडी करून वेळासला जाता येतं. तिथं ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं संरक्षण २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीनं चालतं. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात सोडतात. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग युनेस्कोनं २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेल्या मराठा किल्ल्यांपैकी एक आहे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे त्याच यादीतले दोन किल्ले पुढच्या वाटेवर आहेत.

दिवस ४ : हर्णै – दाभोळ – गुहागर (सुमारे ६० किमी). मुरूड (दापोली), कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. अंतर कमी, पण दम काढणारा दिवस. दाभोळ–धोपावे फेरीबोट २००३ पासून सुरू आहे. ती नसेल तर चिपळूणकडून फार मोठा वळसा पडतो.

दिवस ५ : गुहागर – हेदवी – जयगड – गणपतीपुळे (सुमारे ६५ किमी). पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. तवसाळहून जयगडला फेरीबोट. जयगडनंतर सडा, मग मालगुंड. मालगुंड हे कवी केशवसुतांचं जन्मगाव, तिथं त्यांचं स्मारक आहे. गणपतीपुळ्याला भक्तनिवास आहे.

दिवस ६ : गणपतीपुळे – रत्नागिरी – पावस – पूर्णगड (सुमारे ५० किमी). आरे-वारेचा रस्ता समुद्रावरच्या कड्यावरून जातो. रत्नागिरीत सायकलची दुरुस्ती करून घ्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी इथं नजरकैदेत ठेवलं होतं, त्याचा राजवाडा गावात आहे. विश्रांतीचा दिवस घ्यायचा तर रत्नागिरीतच घ्या.

दिवस ७ : पूर्णगड – कशेळी – जैतापूर – विजयदुर्ग (७० किमीच्या आसपास). सगळ्यांत जास्त सडा याच टप्प्यात. कशेळीचं कनकादित्य मंदिर आणि वर सांगितलेला कातळातला हत्ती वाटेवर. जैतापूरनंतर विजयदुर्गची खाडी ओलांडायला रस्ता बराच आत वळतो. पहाटे निघा. उशीर झाला तर जैतापूरलाच थांबा.

दिवस ८ : विजयदुर्ग – देवगड – कुणकेश्वर (सुमारे ५० किमी). विजयदुर्ग सकाळी दोन तास बघून निघता येतं. देवगडहून तारामुंबरी–मिठमुंबरी पुलानं कुणकेश्वर जवळ पडतं.

दिवस ९ : कुणकेश्वर – आचरा – मालवण (सुमारे ४५ किमी). मिठबाव, आचरा, मालवण. दुपारपर्यंत पोचलात तर सिंधुदुर्ग किल्ला होतो.

दिवस १० : मालवण – वेंगुर्ले – रेडी (सुमारे ७५ किमी). परुळे, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. दोन दिवसांत विभागला तरी चालेल. रेडीनंतर तेरेखोलची खाडी आणि पलीकडं गोवा.

भरती-ओहोटी ओळखायचं साधं गणित

फेरीबोट भरती-ओहोटीत दोन्ही वेळा चालते, पण पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र आणि शेवाळलेला असतो. तिथं सायकल हातात धरूनच उतरा. पुळणीवर जायचं तरी वेळ माहीत हवी. त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे : तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. सकाळ-संध्याकाळ दोन्हीला तीच वेळ. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपास बसतो, दक्षिणेकडं थोडा फरक पडतो. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी सगळ्यांत वर येतं आणि सगळ्यांत मागं जातं.

समुद्राच्या पाण्याबद्दल स्पष्ट

आपली पोरं नदीत, विहिरीत पोहलेली असतात. त्या भरवशावर समुद्रात शिरू नका. दरवर्षी कोकण किनाऱ्यावर बाहेरगावचे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यात पट्टीचे पोहणारेही असतात. ओहोटी लागली की पाणी पायाखालची वाळू ओढत आत नेतं. आत खेचणाऱ्या प्रवाहात सापडलेला माणूस किनाऱ्याकडं झटत राहतो, थकतो आणि बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्यातून बाहेर यायचं असतं. पण मुळात गुडघ्याच्या वर पाण्यात जायचंच नाही, आणि गावकरी 'इथं उतरू नका' म्हणाले की त्यावर वाद घालायचा नाही. दिवसभर सायकल चालवून पाय थकलेले असतात, गोळा यायला वेळ लागत नाही.

सायकल कोणती

दोन-तीन हजार मीटर उंचीचा घाट इथं नाही. पण शंभर मीटरचा सडा दिवसातून आठ-दहा वेळा चढला की दिवसाची बेरीज हजार मीटरच्या घरात जाते. चढ छोटे आणि उभे असतात, म्हणून हलका गिअर लागतो.

हिशेब बघा. साध्या काळ्या सायकलीला पुढं ४४ आणि मागं १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढं जाते. उभ्या चढावर सामानासकट आपला वेग ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे मिनिटाला शंभर-सव्वाशे मीटर. त्या वेगाला पायडल मिनिटाला वीस-एकवीस वेळाच फिरतं. एवढ्या जड पायडलनं गुडघे जातात. तेच पुढं ३० आणि मागं ३४ दाते असतील तर एका फेऱ्यात दोन मीटरपेक्षा कमी अंतर, आणि त्याच वेगाला पायडल मिनिटाला साठच्या आसपास फिरतं. दम लागतो, पण गुडघा वाचतो. सायकल घेताना किंवा मागून आणताना किंमत बघण्याआधी हे दाते मोजा.

साधीच सायकल असेल तर जाता येणार नाही असं नाही. चढ आला की उतरून ढकलायचं, दिवसाला ७० ऐवजी ४० किलोमीटर धरायचे आणि पंधरा-सोळा दिवस काढायचे. त्यात कमीपणा काही नाही, गिअरवालेही बऱ्याच चढांवर उतरतातच.

चढापेक्षा घात उतारावर होतो. रस्ता अरुंद, वळण आंधळं, कडेला जांभ्याची बारीक खडी, आणि समोरून एसटी. निघण्याआधी ब्रेकचे चारही रबर नवे टाका, एक जोड जवळ ठेवा. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, दाबा-सोडा करा. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा हवाच. खाऱ्या हवेनं साखळी गंजते, दर दोन दिवसांनी पुसून तेल द्या. गिअरच्या सायकलीचे सुटे भाग अलिबाग, रत्नागिरीसारख्या मोठ्या गावांतच मिळतील असं धरा. दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, पाने, एक जादा ब्रेक-केबल सोबत असू द्या.

तयारी आष्टीत बसून कशी करायची

सहा ते आठ आठवडे लागतात. पहिले दोन आठवडे दिवसाआड २० किलोमीटर. पुढचे दोन आठवडे ३० ते ४०. मग शनिवार-रविवार लागोपाठ दोन दिवस ५०-५०. लागोपाठचे दिवस महत्त्वाचे, कारण शंभर किलोमीटर एकदा मारणं वेगळं आणि दहा दिवस रोज साठ मारणं वेगळं.

चढाची सवय हा आपल्याकडचा खरा प्रश्न. तळेगाव (श्यामजीपंत) जवळचा सत्याग्रही घाट सगळ्यांना माहीत आहे, पण तो राष्ट्रीय महामार्गावर आहे आणि तिथं जड वाहनांचे अपघात होतात. सरावासाठी तो घाट योग्य नाही. त्याऐवजी गावाजवळचा एखादा कमी वर्दळीचा चढ निवडा आणि तोच सलग आठ-दहा वेळा चढा-उतरा. कंटाळवाणं आहे, पण कोकणात नेमकं तेच करायचं असतं. शेवटची परीक्षा म्हणून परतवाडा ते चिखलदरा. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे, पायथ्यापासून सातशे मीटरच्या आसपास चढ पडतो. सामान लादून तो पार पडला तर कोकणची काळजी नको.

हवा आणि पाणी

आपण ४५ अंश सोसलेली माणसं, कोकणातल्या ३२-३३ अंशांचं काय, असं वाटतं. फसगत इथंच होते. आपल्याकडं हवा कोरडी, घाम येतो आणि लगेच वाळतो, अंग थंड होतं. कोकणात हवा दमट, घाम वाळतच नाही, अंगावरून नुसता वाहतो. पाणी आणि मीठ दोन्ही जातं, अंग मात्र तापलेलंच राहतं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही. लिंबू-मीठ-साखर, नारळपाणी, कोकम सरबत घेत राहा. डोकं दुखणं, मळमळ, घाम थांबणं, बोलणं असंबद्ध होणं ही उन्हाच्या झटक्याची लक्षणं आहेत. तिथंच थांबा, सावली शोधा, अंग ओलं करा, १०८ ला फोन करा. इतर अडचणीत ११२.

वेळापत्रक साधं ठेवा : पहाटे सहाला निघायचं, अकरापर्यंत दिवसाचं बरंचसं अंतर संपवायचं, साडेतीनपर्यंत सावलीत, मग उरलेलं. अंधार पडायच्या आत मुक्कामी. रात्री सड्यावर रस्त्यात गुरं बसलेली असतात आणि दिवे नसतात.

सायकल तिथवर न्यायची कशी

आर्वी किंवा तळेगाव आगाराच्या एसटीनं सायकल नेण्याचं आदल्या दिवशी आगारात विचारून ठरवा. नाही जमलं तर वर्ध्यापर्यंत सायकलवरच जा, तेवढाच सराव. वर्धा स्थानकावर पार्सल कार्यालयात प्रवासाच्या तिकिटावर सायकल लगेज म्हणून नोंदवता येते, ती ब्रेकव्हॅनमधून जाते. गाडीच्या दोन-तीन तास आधी पोचा. सायकलवर पुठ्ठा बांधून नाव, मोबाइल आणि उतरायचं स्थानक ठळक लिहा. आरसा, दिवा, बाटली काढून घ्या. पावती जपून ठेवा.

नागपूर–मडगाव ही विशेष गाडी वर्ध्यावरून थेट कोकण रेल्वेवर जाते. विशेष गाडी असल्यानं तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून तिकीट काढण्याआधी १३९ वर विचारून घ्या. परतीला रेडीहून सावंतवाडी रोड स्थानक सोयीचं.

मध्येच सोडायचं असेल तर

दुखापत झाली, पाऊस आला, मन लागलं नाही, तर अट्टहास करू नका. किनाऱ्यापासून रेल्वे आतल्या बाजूला आहे. दापोलीहून खेड सुमारे ३० किमी, गुहागरहून चिपळूण ४५, रत्नागिरी स्थानक शहराजवळच, देवगडहून कणकवली ५०, मालवणहून कुडाळ ३०. या सगळ्या गावांहून एसटी आहे.

मुक्काम आणि जेवण

जवळपास प्रत्येक किनारी गावात घरगुती खोली आणि खानावळ मिळते. सुटीचे दिवस, नाताळचा आठवडा आणि जत्रा टाळल्या तर आगाऊ नोंदणीची फारशी गरज पडत नाही, पण संध्याकाळचं जेवण मात्र सकाळीच फोन करून सांगावं लागतं. घरचं स्वयंपाकघर असतं, ऐनवेळी कुणी रांधून देत नाही. मासे न खाणाऱ्यांना आंबोळी, कुळथाची पिठी, उकडीचे मोदक, सोलकढी मिळते. जेवण आपल्याएवढं तिखट नसतं, ठेचा सोबत न्या. रोख पैसे बाळगा, सड्यावर आणि खाडीकाठी नेटवर्क जातं.

मुली जात असतील तर चौघी-पाचजणींचा गट, कुटुंब राहतं अशा घरातच मुक्काम, आणि रोज संध्याकाळी घरी ठरलेल्या वेळी फोन. मुलांनीही शेवटची गोष्ट पाळावी.

पूल आले की काय होईल

राज्य रस्ते विकास महामंडळानं सागरी मार्गाचं काम हाती घेतलं असून रेवस–करंजा, आगरदांडा–दिघी, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर मोठे पूल आखले आहेत. खाडीकाठच्या माणसासाठी हे गरजेचंच आहे. रात्री-अपरात्री बाळंतपणाला दवाखान्यात न्यायचं आणि शेवटची बोट सुटून गेलेली, हे त्यांनी पिढ्यानपिढ्या भोगलं आहे. सायकलवाल्याच्या बाजूनं पाहिलं तर पूल झाले की गाड्यांचा वेग आणि संख्या वाढेल, आणि हा निवांत रस्ता तसा राहणार नाही. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर 'नॉर्थ कोस्ट ५००' हा सुमारे ८३० किलोमीटरचा मार्ग २०१५ साली जाहीर झाला. पर्यटक आले, धंदा वाढला, आणि अरुंद रस्त्यांवर मोटारींची गर्दी ही तिथल्या गावांची तक्रार झाली. सायकलसाठी रस्त्याच्या कडेला चार-पाच फूट पक्की पट्टी सोडली तर दोन्ही साधेल, ती मागणी आता, काम सुरू असतानाच व्हायला हवी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वय किती हवं? अठरा पूर्ण आणि सराव झालेला असावा. पन्नाशीच्या पुढच्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून, डॉक्टरांना विचारून जावं.

एकट्यानं जावं का? पहिल्यांदा नाही. तिघं-चौघं बरे. एक पंक्चर काढणारा, एक हिशेब ठेवणारा असावा.

अर्धाच मार्ग करायचा तर? पाच दिवस असतील तर रत्नागिरी ते रेडी करा. वाटेत एकही फेरीबोट लागत नाही, गर्दी कमी आणि सडा भरपूर.

पावसाळ्यात? नाही. बोटी अनियमित, काही पूर्ण बंद, दरडी कोसळतात, जांभ्यावर शेवाळ धरतं.

उलट, रेडीहून मांडव्याला यावं का? चालतं, पण हिवाळ्यात दुपारनंतर वारा बहुतेक वायव्येकडून येतो. उत्तरेकडं जाताना तो तोंडावर बसतो. मांडव्याहून निघालेलं बरं.

सामान किती? पाण्याशिवाय सात-आठ किलोच्या वर नको. दोन जोडी कपडे पुरतात. ते मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना सारखं वाटून बांधा, पाठीवर पिशवी घेऊ नका. आणि निघण्याआधी सगळं सामान लादून आष्टी–आर्वी एक फेरी मारून या. जे सामान त्या फेरीत नकोसं वाटेल, ते घरीच ठेवा.